लातूरची शाळा, हिंजवडीचा पगार

सगळ्यांनी शिकलं की देशाचं भलं होतं, हे आपण पाचवीच्या निबंधात लिहून मार्क मिळवलेत. पण सगळे शिकले की तुमच्या पॅकेजचं काय होतं? आणि सोसायटीच्या वॉचमनच्या पगाराचं? जरा पैशांचा हिशेब मांडून बघूया.

अप्रेझलचं लेटर हातात पडलं की पुढचे दोन दिवस कँटीनमध्ये दुसरा विषय नसतो. कोणाला किती टक्के, कोणाचं प्रमोशन हुकलं, कोण आता नोकरी डॉट कॉमवर सीव्ही अपडेट करतंय. आणि मग चहाचा दुसरा कप येईपर्यंत कोणीतरी ते ठरलेलं वाक्य टाकतंच, "अरे, मार्केटमध्ये पोरंच इतकी झालीयेत, कंपनी कशाला देईल जास्त? आजकाल कोणीही इंजिनीअर होतं!" सगळे माना डोलावतात. मग बिल कोण देणार यावर चर्चा सुरू होते.

गंमत म्हणजे हे वाक्य अर्थशास्त्राच्या दृष्टीने चूक नाही. पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं कँटीनमध्ये कोणी बोलत नाही, कारण ते ऐकायला तेवढं बरं वाटत नाही.

आधी बोलून टाकूया ते अर्धं, जे सगळ्यांना माहीत आहे. आयटी सर्व्हिसेसमधल्या मोठ्या कंपन्या २०१० च्या सुमाराला फ्रेशरला वर्षाला साधारण तीन-सव्वातीन लाख देत होत्या. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनीही हा आकडा साडेतीन-पावणेचारच्या आसपासच घुटमळत होता. त्याच काळात महागाई दुपटीच्या वर गेली. म्हणजे कागदावर पगार वाढला, पण वडापाव, पीजीचं भाडं आणि बसचा पास यांच्या हिशेबात तो निम्म्यावर आला. फ्रेशर म्हणून तुमच्या टीममध्ये आलेला मुलगा तुमच्या पहिल्या पगाराइतकाच पगार घेतोय आणि तुमच्याहून बराच गरीब आहे.

याचं मूळ शोधत मागे गेलं की आपण १९८३ मध्ये पोचतो. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी राज्यात विनाअनुदानित खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोपर्यंत महाराष्ट्रात इंजिनीअर व्हायचं म्हणजे पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी बोटांवर मोजण्याइतकी नावं. तिथे नंबर नाही लागला आणि वडिलांच्या खिशात पैसा असला, तर कर्नाटकात जाऊन डोनेशन भरायचं. वसंतदादा स्वतः फार शिकलेले नव्हते. त्यांनी दार उघडलं आणि मग काय, जिथे साखर कारखाना तिथे कॉलेज. आज राज्यात इंजिनीअरिंगच्या जागा दीड लाखाच्या वर आहेत. सीओईपीची डिग्री एके काळी कॉलर ताठ करायला पुरेशी होती, कारण ती फार थोड्यांकडे होती. वस्तू मुबलक झाली की भाव उतरतो, हे मंडईत कोथिंबीर घेणाऱ्यालाही कळतं.

इथपर्यंत कँटीनचं बरोबर आहे. आता पुढे.

३९.३ टक्क्यांची रेघ

१९९४ साली केंद्र सरकारने डीपीईपी नावाची योजना सुरू केली, म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम. शाळा बांधा, खोल्या वाढवा, शिक्षक नेमा, पुस्तकं द्या. पुढे ही योजना १८ राज्यांत गेली आणि सुमारे २७० जिल्ह्यांत पोचली. आपल्याकडे ती आली मराठवाड्यात, लातूर, नांदेड, परभणी अशा जिल्ह्यांत. (हो, तेच लातूर, ज्याच्या 'लातूर पॅटर्न'ने त्याच दशकात बोर्डाच्या मेरिट लिस्टवर कब्जा केला होता. एकाच जिल्ह्यात एका टोकाला मेरिट लिस्ट आणि दुसऱ्या टोकाला शाळेचं तोंड न पाहिलेल्या मुली.)

जिल्हा निवडायचा कसा? निकष ठरला महिला साक्षरतेचा. १९९१ च्या जनगणनेत देशाची सरासरी होती साधारण ३९.३ टक्के. त्याच्या खाली असलेल्या जिल्ह्यांना योजनेत प्राधान्य. झालं, अर्थशास्त्रज्ञांना याहून गोड भेट कोणी दिली नसती. कारण ३९ टक्केवाला जिल्हा आणि ४० टक्केवाला जिल्हा यांच्यात खरं तर काहीच फरक नसतो. तसाच पाऊस, तशीच एसटी, तसेच पुढारी. पण एकाला पैसा मिळण्याची शक्यता जास्त, दुसऱ्याला कमी. मग पंधरा-वीस वर्षांनी या रेघेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांच्या कमाया तपासल्या, तर जो फरक दिसेल त्याचं श्रेय शाळांना देता येतं.

गौरव खन्ना या अर्थशास्त्रज्ञाने नेमकं हेच केलं. त्याचा पेपर २०२३ साली प्रसिद्ध झाला. पहिला निष्कर्ष अपेक्षेप्रमाणेच, शाळेचं एक जास्तीचं वर्ष म्हणजे कमाईत १३.४ टक्क्यांची वाढ. एफडीवर इतकं व्याज मिळालं असतं तर आपण सगळ्यांनी नोकऱ्या सोडल्या असत्या.

खरा फंडा दुसऱ्या निष्कर्षात आहे. एकट्या मुलाला जास्त शिकवलं तर फक्त त्याची कमाई बदलते. पण अख्ख्या जिल्ह्यातली मुलं एकदम जास्त शिकली, तर त्या जिल्ह्याचा बाजारच बदलतो. शिकलेले हात वाढतात, म्हणून शिकलेल्या हातांचा भाव उतरतो. आणि त्याच वेळी अंगमेहनतीच्या कामाला माणसं कमी पडायला लागतात, म्हणून त्या हातांचा भाव चढतो. योजनेमुळे न शिकलेल्यांचं भलं झालं आणि आधीपासून शिकलेल्यांचं काही प्रमाणात नुकसान, असा हा निकाल आहे.

पुन्हा वाचा. जो माणूस शाळेत गेलाच नाही, त्यालाही गावात शाळा झाल्याचा फायदा झाला. शेजारच्यांची पोरं वर्गात जाऊन बसली आणि याची मजुरी वाढली.

कोणाच्या न शिकण्याचा पगार?

आता कँटीनमध्ये न बोललेलं अर्धं. जगातल्या कुठल्याही समाजात शिकलेल्यांना जो जास्तीचा पगार मिळतो, त्याचे दोन हिस्से असतात. एक हिस्सा त्यांच्या कौशल्याचा. तो त्यांचा हक्काचा, कोणी हिरावून घेऊ नये. दुसरा हिस्सा टंचाईचा. बाकीचे शिकू शकले नाहीत म्हणून मिळणारा. आपली आधीची पिढी, म्हणजे बँकेत, सरकारी खात्यात, टेल्कोत लागलेले काका-मामा, यांच्या सुबत्तेत हा दुसरा हिस्सा चांगला घसघशीत होता. तो पगार थोडासा दुसऱ्या कोणाच्या तरी न शिकण्याचा पगार होता. काकांना हे सांगू नका, दिवाळीत जेवायला बोलावणार नाहीत. पण आहे ते असं आहे.

आपल्या रोजच्या जगण्यात हा बदल बघायचा असेल तर अप्रेझल लेटर सोडून घराकडे बघा. स्वयंपाकाच्या मावशींचा महिन्याचा आकडा आठवा आणि दहा वर्षांपूर्वीचा आठवा. चांगला इलेक्ट्रिशियन दोन फोन केल्याशिवाय येतो का? पेंटर तारीख देतो आणि येत नाही, कारण त्याच्याकडे तुमच्याआधीची चार कामं असतात. या सगळ्याचं श्रेय एकट्या शाळांना देणं बरोबर नाही. बांधकामाची तेजी, रोजगार हमी, स्थलांतर, बरंच काही त्यात आहे. ग्रामीण भागातली मजुरी साधारण २००७-०८ ते २०१३-१४ या काळात महागाईच्या पुढे पळाली आणि मग दमली, हेही खरं. पण मुलं, आणि विशेषतः मुली, शेतावरून आणि धुण्याभांड्यांतून निघून वर्गात गेल्या, ही त्या गोष्टीतली एक पक्की कडी आहे.

मावशींची मुलगी बी.कॉम. करते आहे, याचं कौतुक आपण सगळेच करतो. मावशींनी सुट्टीच्या दिवशीचे पैसे कापू नका म्हटलं की मात्र कपाळाला आठी पडते. या दोन गोष्टी एकाच नाण्याच्या आहेत, एवढंच म्हणायचंय.

चौकट : जमीनदारांना आधीच कळलं होतं

हा सगळा हिशेब अर्थशास्त्राच्या पेपरांच्या कितीतरी आधी काही लोकांना नीट समजला होता. १९११ मध्ये फर्ग्युसनचे एके काळचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्याच वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधात सरकारी सभासद होते, तसेच बडे जमीनदारही होते. सगळ्यांची पोरं शाळेत गेली तर शेतात राबणार कोण, ही त्यांची काळजी. त्यांची नीती चुकीची असेल, गणित अचूक होतं. त्याच्याही तीस वर्षं आधी, १८८२ साली, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे सांगितलं होतं की शेतसारा भरतो रयत आणि त्या पैशावर वरच्या वर्गांची मुलं उच्च शिक्षण घेतात, आधी प्राथमिक शाळा काढा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ते सक्तीचं आणि मोफत करून दाखवलं. बाकी देशाला शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

इंडोनेशियात काय झालं?

मराठवाड्याचा हा किस्सा एकटा नाही. १९७३ नंतर तेलाच्या पैशाने इंडोनेशियाचा खजिना भरला आणि तिथल्या सरकारने पाच-सहा वर्षांत ६१ हजार प्राथमिक शाळा उभ्या केल्या. एस्थर डुफ्लो (अभिजित बॅनर्जींबरोबर २०१९ चं नोबेल मिळालेल्या) यांनी या शाळांचा माग काढला. त्या शाळांमुळे जे जास्त शिकले, त्यांना शाळेच्या प्रत्येक वर्षामागे साधारण ७ ते १० टक्के जास्त पगार मिळाला. पण पुढच्या पेपरात त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्याच भागातल्या वयाने मोठ्या लोकांची, म्हणजे शाळा बांधल्या तेव्हा ज्यांचं शाळेचं वय उलटून गेलं होतं त्यांची पगारवाढ मंदावली. शिकलेली पोरं बाजारात आली, पण त्यांच्या वेगाने कारखाने, यंत्रं, भांडवल आलं नाही.

हा मुद्दा अधोरेखित करून ठेवा, कारण आपल्या रडगाण्याचं खरं कारण इथे आहे. डिग्र्या वाढल्या म्हणून पगार पडतो, हे पूर्ण सत्य नाही. डिग्र्या वाढल्या आणि त्या माणसांना वापरून घेणारी कामं त्या वेगाने वाढली नाहीत, म्हणून पगार पडतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात असंच झालं होतं. ग्रॅज्युएटांचा पूर आला, त्यांचा भाव उतरला, 'जास्तच शिकलो की काय' अशी पुस्तकं निघाली. १९८० नंतर कॉम्प्युटर आले, शिकलेल्यांची मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली आणि भाव परत वर. क्लॉडिया गोल्डिन (२०२३ चं नोबेल) आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी याला शिक्षण आणि तंत्रज्ञान यांची शर्यत म्हटलंय. शिक्षण पुढे असलं की विषमता कमी होते, तंत्रज्ञान पुढे गेलं की वाढते.

आणि पगार म्हणजेच सगळं नाही, हे त्याच इंडोनेशियातून दिसतं. आई शिकली की लग्नाचं वय वाढतं, पहिलं मूल उशिरा होतं, हे आपण गृहीतच धरतो. पण तिथे बालमृत्यू कमी होण्यात आईच्या इतकाच बापाच्या शिक्षणाचाही वाटा निघाला. ही कमाई कोणाच्या सॅलरी स्लिपवर दिसत नाही. कँटीनमधल्या हिशेबातही ती कधी धरली जात नाही.

कल्याणला उलटं जाणारे डोंबिवलीकर

आता जरा कडू भाग. शाळा वाढल्या की खालच्याचं भलं होतं, हे गणित प्राथमिक शाळेसाठी छान जुळतं. वरच्या डिग्र्यांपाशी आलं की ते लटपटायला लागतं.

डोंबिवलीकरांना हे पटकन कळेल. सकाळी सीट मिळत नाही म्हणून काही हुशार मंडळी आधी उलट्या दिशेने कल्याणला जायला लागली. तिथून बसून मुंबईला. पहिल्यांदा ज्यांनी हे केलं त्यांना खिडकी मिळाली. मग सगळ्यांनीच सुरू केलं. आता गाडी कल्याणला येतानाच भरलेली असते, आणि ज्यांना कल्याणलाच चढायचंय ते बोंबलत उभे. प्रत्येकाची पंधरा-वीस मिनिटं जास्त गेली, सीटची संख्या तेवढीच राहिली.

आधी बी.कॉम. पुरायचं, मग एम.कॉम. लागायला लागलं, मग एमबीए, मग 'चांगल्या' कॉलेजातलं एमबीए. काम तेच, एक्सेल शीट तीच. उत्तर प्रदेशात २०१५ मध्ये सचिवालयातल्या शिपायांच्या ३६८ जागांसाठी २३ लाख अर्ज आले, त्यांत २५५ पीएचडीवाले होते. आपण हसलो होतो. २०२३ मध्ये महाराष्ट्रात तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांच्या वर अर्ज आले तेव्हा हसू आलं नाही, कारण त्यातले कित्येक जण पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत आपल्याच गल्लीत राहत होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालातला आकडा तर थेट आहे. २०२२ मध्ये देशातल्या ग्रॅज्युएट तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचताच येत नाही अशा तरुणांमध्ये ३.४ टक्के.

हा आकडा नाचवून 'शिकून काय उपयोग' म्हणणारे भेटतील. घाई नको. ज्याला अक्षर येत नाही, त्याला बेरोजगार राहणं परवडतच नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या पैशात. ग्रॅज्युएट मुलगा थांबतो, कारण घरच्यांनी त्याच्यावर पैसा लावलाय आणि त्या पैशाच्या लायकीची नोकरी हवी आहे. त्याचं थांबणंही खर्चिकच आहे. खोलीचं भाडं, मेसचा डबा, क्लासची फी, आणि तिकडे गावात विकलेली एखादी एकर.

विषमतेचा खेळही इथे जागा बदलतो. पूर्वी डिग्रीवाला आणि बिनडिग्रीवाला अशी दरी होती. आता ती डिग्रीवाल्यांच्याच आत आली. कंपनी कुठल्या कॉलेजांत कॅम्पसला जाते आणि कुठल्या नाही, यावर आयुष्य ठरतं. सगळ्यांच्या हातात एकसारखा कागद असला की एचआर कागद बघणं सोडून देतं आणि कॉलेजचं नाव, इंग्रजी, 'कल्चर फिट' बघायला लागतं. आणि या तिन्ही गोष्टी घरातून येतात, सरकारी योजनेतून नाही. जागा वाढवल्या, शिकवणं मात्र वाढवलं नाही, याची ही शिक्षा. 'असर' या सर्वेक्षणानुसार २०२४ मध्येही ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना दुसरीचा धडा सलग वाचता येत नव्हता. ही मुलं उद्या डिग्री घेतीलही. पण त्यातून त्यांना कौशल्याचा हिस्सा मिळणार नाही, आणि टंचाईचा तर केव्हाच संपलाय.

मग आता?

'कॉलेजं बंद करा, जागा कमी करा' हा उपाय कँटीनमध्ये लोकप्रिय आहे. स्पष्ट सांगायचं तर तो १९११ च्या जमीनदारांचाच उपाय आहे, फक्त आयडी कार्ड गळ्यात घालून सांगितलेला. आपल्यापैकी किती जणांच्या घरात आपण पहिले ग्रॅज्युएट आहोत? १९८३ चं ते दार उघडलं नसतं तर हिंजवडीच्या सकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्यांपैकी अर्धे लोक तिथे नसतेच. ट्रॅफिक नसतं हे मान्य, पण आपणही नसतो.

भाव पडण्याचं दुःख करायचंच असेल तर ते योग्य दारात जाऊन करावं. उद्योग का वाढले नाहीत, मध्यम आकाराचे कारखाने सांगली-जालन्याला का उभे राहत नाहीत, नोकऱ्या चार शहरांतच का कोंबल्यात, शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या का. हे प्रश्न 'कोणीही इंजिनीअर होतं' इतके चटकदार नाहीत, त्यामुळे चहाबरोबर चालत नाहीत.

आणि स्वतःपुरतं? दहा-पंधरा लाखांचं कर्ज काढून आणखी एक डिग्री घ्यायच्या आधी एवढं बघा की ती तुम्हाला काही नवीन करायला शिकवणार आहे, की फक्त कल्याणला नेऊन बसवणार आहे. पहिलं असेल तर खुशाल घ्या. दुसरं असेल तर तुमच्या मागोमाग अख्खी डोंबिवली येते आहे, हे लक्षात ठेवा.

कारण गर्दी वाढणारच आहे. देशात उच्च शिक्षण घेणारे २०१४-१५ मध्ये ३.४२ कोटी होते, २०२१-२२ मध्ये ४.३३ कोटी झाले, त्यात २.०७ कोटी मुली. कॉलेजच्या वयातल्या दर शंभरांमागे साधारण २८ जण कॉलेजात होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाला हा आकडा २०३५ पर्यंत ५० वर न्यायचाय. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. त्या वर्षी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्गात बसलेल्या मुली २०२८ मध्ये कॅम्पस इंटरव्ह्यूला उभ्या राहतील. टेबलाच्या पलीकडे त्या वेळी बहुतेक तुमच्यापैकीच कोणीतरी बसलेलं असेल.